देवळाचा शिधा, तळ्याचं पाणी

79,365.

हा आकडा कुठल्या जनगणनेतला नाही. कंबोडियात अंकोरच्या ता प्रोम देवळात 1186 साली एक संस्कृत शिलालेख बसवला गेला, त्यात तो आहे. एका देवळाच्या सेवेला किती माणसं लावून दिली, त्याची ही संख्या. ही माणसं पुरवणाऱ्या गावांची संख्याही दिली आहे : 3,140. माणसांची पुढे फोडही आहे. 18 मुख्य पुरोहित, 2,740 अधिकारी, 2,202 मदतनीस, 615 नर्तकी. आवारात राहायचा हक्क 12,640 जणांना. ‘हजारो’, ‘असंख्य’ असले शब्द वापरून वेळ मारून न्यायची सवय या लेखनिकाला नव्हती. पाच-दहा माणसंही तो इकडची तिकडे होऊ देत नाही.

आज ता प्रोममध्ये गर्दी असते ती भिंतीवरून उतरलेल्या अजस्र मुळांखाली फोटो काढायला. त्या रांगेत उभं राहून मी मोबाइलवर भागाकार केला : 79,365 भागिले 3,140. गावामागे साधारण 25 माणसं. म्हणजे गावंच्या गावं रिकामी करून देवळात आणलेली नव्हती. बहुतेक माणसं आपापल्या शेतातच राहत असणार आणि भात, तेल, मध, मेण, कापड असा शिधा देवळाच्या कोठीत पोचता करत असणार. आपल्याकडे देवस्थानाला इनाम गावं असत, तशीच ही व्यवस्था, पण इथे ती तीन हजारांच्या घरात गेलेली. आता आत राहणाऱ्या 12,640 जणांचा हिशेब करून बघा. माणशी दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरला, तर रोज सव्वासहा टन, वर्षाला सुमारे 2,300 टन. तेही एका देवळाच्या आवारापुरतं.

हे देऊळ राजा सातव्या जयवर्मनने आईच्या स्मरणार्थ बांधलं. पाच वर्षांनी, 1191मध्ये, वडिलांसाठी प्रेआ खान बांधलं आणि तिथल्या लेखात आकडा आणखी चढला : 5,324 गावं आणि 97,840 माणसं.

ता प्रोमच्या लेखातली खजिन्याची यादी वाचताना तर दम लागतो. पाचशे किलोंहून जास्त वजनाची सोन्याची भांडी, तेवढीच चांदीची, 35 हिरे, 40,620 मोती, 4,540 इतर रत्नं, चीनहून आलेली 876 रेशमी वस्त्रं, 512 रेशमी बिछाने, 523 छत्र्या. मला मात्र सगळ्यांत आवडते ती त्याच लेखातली दवाखान्यांची यादी. राज्यभर 102 दवाखाने होते. त्यांना वर्षाला 11,192 टन तांदूळ लागायचा आणि तो 838 गावांतले 81,640 लोक पुरवायचे. शिवाय तीळ, वेलदोडे, 3,402 जायफळं, तापावरची 48,000 औषधं आणि मूळव्याधीवरच्या मलमाच्या 1,960 डब्या. सम्राटांचे विजय प्रत्येक शिलालेखात सापडतात. प्रजेच्या मूळव्याधीची नोंद फार क्वचित.

दोन देवळं आणि दवाखाने मिळून ही बेरीज 2,58,845 माणसांवर जाते. यात थोडी राजाची फुशारकी असेल, काही नावं दोनदा धरली असतील. निम्मा आकडा खोटा मानला तरी पुढचा प्रश्न सुटत नाही. एवढं भात पिकत कुठे होतं, आणि कुठल्या पाण्यावर?

अंकोरला जाणारा माणूस आधी दगडाने दिपतो, मीही दिपलो. तेव्हा दगडांचे आकडे आधी उरकून घेऊ.

अंकोर वाट हे दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं विष्णूचं देऊळ. मधलं शिखर जमिनीपासून 65 मीटर. सगळ्यांत बाहेरची ओवरी 187 मीटर बाय 215 मीटर, म्हणजे तिला एक फेरी घातली की 800 मीटर चालणं होतं. दगड किती लागले? सर्रास सांगितला जाणारा अंदाज 50 लाख ते 1 कोटी. ज्या अंदाजात दुपटीचा फरक पडतो त्याला आकडा म्हणायचं का, हा प्रश्नच आहे, पण आपण खालचा पकडू. 50 लाख दगड, बांधकाम साधारण 35 वर्षं. रोजचे 390 दगड होतात. एकही सुट्टी न घेता बारा तासांचा दिवस धरला, तरी दर दोन मिनिटांच्या आत एक दगड जागेवर बसायला हवा. सगळ्यांत जड दगड दीड टनाच्या आसपास. खाण कुलेन डोंगराच्या पायथ्याशी. दगड नदीने खाली एका मोठ्या तळ्यात आणि तिथून पुन्हा वर असे नव्वद किलोमीटरचा वळसा घेऊन येत, असं बरीच वर्षं मानलं जायचं. वासेदा विद्यापीठाच्या जपानी संशोधकांना खाणींपासून देवळाकडे येणाऱ्या जुन्या कालव्यांची मालिका सापडली आणि हे अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास उतरलं. दगड पाण्यावरूनच आला, यात मात्र दोन्ही मतांचा मेळ आहे.

ओवरीच्या भिंतींवर कोरीवकाम आहे, आणि मराठी माणसाला तिथे मार्गदर्शकाची फारशी गरज पडत नाही. शरपंजरी भीष्म लगेच ओळखू येतात. लंकेचं युद्ध तर वानरांच्या दातांवरूनच कळतं. रेड्यावरचा यम, त्याच्या पुढ्यात चित्रगुप्त, वर 37 स्वर्ग आणि खाली 32 नरक. (गर्दी नरकांपुढे जास्त असते, स्वर्गात सगळे नुसते बसलेले दिसतात.) समुद्रमंथनाचा पट 49 मीटर लांब आहे. मधोमध विष्णू, दोन्ही बाजूंना नव्वदीच्या आसपास देव आणि असुर, सगळे वासुकीला खेचताहेत. या पटापुढे उभं राहिलात तर नजर थोडी खाली न्या. समुद्रात मासे, मगरी, कासवं अशी दाटी आहे. कडेचे मासे धडधाकट आहेत. रवीच्या जवळ जावं तसे ते तुटत जातात : कुणाचं शेपूट गेलेलं, कुणाचे दोन तुकडे, एखादी मगर मधोमध कापलेली. घुसळणीचा वेग दगडात दाखवायचा कसा, याचं उत्तर त्या कारागिराने माशांच्या अंगावर काढलं आहे.

आकड्यांचं वेड असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. देवळातली अंतरं जुन्या हात-मापात मोजली तर ती 1,728, 1,296, 864 आणि 432 येतात, म्हणजे कृत, त्रेता, द्वापार, कली या युगांच्या वर्षांचे हजारावे भाग, अशी मांडणी एलिनॉर मॅनिका या अभ्यासिकेने केली आहे. पश्चिमेकडून आत चालत जाणारा माणूस कलियुगातून मागे मागे कृतयुगात पोचतो, अशी ती कल्पना. सुंदर आहे, आणि मोजपट्टी नेमकी कुठून कुठे धरायची हे आपल्या हातात असलं की बरंच काही सुंदर जमतं. मी तिच्यावर शपथ घेणार नाही.

आता खंदक. बाहेरून 1.5 किलोमीटर बाय 1.3 किलोमीटर, रुंदी 190 मीटर. पाण्याखालची जमीन एक चौरस किलोमीटर, जवळजवळ अडीचशे एकर. बहुतेक प्रवासी हा खंदक पाच मिनिटांत ओलांडतात आणि पाठीमागे टाकतात. वास्तविक सबंध देऊळ त्याच्या जिवावर उभं आहे. खाली कातळ नाही, वाळूमिश्रित माती आहे. भूजलाची पातळी कायम राहिली तर ती वाळू भार पेलते. पातळी वरखाली झाली की जमीन हलते. खंदकातलं पाणी ही पातळी धरून ठेवतं. म्हणून सिएम रीप शहरातल्या हॉटेलांनी बोअर मारून बेसुमार उपसा सुरू केला, तेव्हा पुरातत्त्ववाल्यांची झोप उडाली.

खंदकाचं पाणी तर किरकोळ. खरा पसारा ‘बाराय’चा. बाराय म्हणजे सपाट जमिनीवर चारही बाजूंनी मातीचे बांध घालून केलेला तलाव. नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मनने पूर्व बाराय बांधला, साडेसात किलोमीटर लांब आणि पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद. अकराव्या शतकात पश्चिम बाराय झाला, जवळपास आठ किलोमीटर बाय 2.1 किलोमीटर. खोदाई फारशी नाही, पाणी जमिनीच्या वर धरलेलं. पश्चिम बारायची क्षमता पाच कोटी घनमीटरच्या आसपास धरतात. आपल्या वर्तमानपत्री भाषेत पावणेदोन टीएमसी. पुण्याचं खडकवासला धरण 1.97 टीएमसीचं आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी, दरी नाही, नदीचा गळा नाही, काँक्रीट नाही, अशा सपाटीवर माणसांनी टोपल्यांनी माती वाहून जवळजवळ एक खडकवासला उभं केलं. पूर्व बाराय आता कोरडा आहे, त्यात भातशेती होते. त्याच्या मधोमध बेटावर असलेलं दहाव्या शतकातलं पूर्व मेबोन देऊळ आता शेताडीत आहे. होड्या लागायच्या त्या पायऱ्या तशाच आहेत. आपण रिक्षातून उतरतो आणि त्या धक्क्यावरून वर जातो.

या पाण्यावर किती मोठं शहर जगत होतं, हे अलीकडेच कळलं. अंकोर थोम या तटबंद राजधानीच्या भिंतीच्या आतला भाग नऊ चौरस किलोमीटर. शहर तेवढंच, असा पूर्वीचा समज. मग विमानांतून घेतलेल्या आणि रडारच्या प्रतिमा तपासल्यावर 2007 साली हा विस्तार सुमारे हजार चौरस किलोमीटर निघाला. 2012 आणि 2015मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझर सोडून, झाडांच्या पानांखालची जमीन मोजली गेली. रस्ते, घरांचे उंचवटे, पुष्करण्या असा आखीव नकाशा जंगलाखालून वर आला. देवळं दगडाची होती म्हणून टिकली. माणसं, अगदी राजासुद्धा, लाकडाच्या घरात राहायची. ती घरं कुजून गेली. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तेराव्या शतकातली लोकसंख्या सात ते नऊ लाख धरली. म्हणजे आज आपण जे बघतो, तो त्या शहराचा फक्त देवघराचा भाग.

चिनी राजदूतांच्या ताफ्यातून आलेला झोऊ दागुआन 1296-97मध्ये या गर्दीत वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवलंय, की इथे वर्षाला तीन-चार पिकं निघतात. पावसात इथलं मोठं तळं इतकं चढतं की उंच झाडांचे फक्त शेंडे दिसतात आणि काठचे लोक डोंगरावर जातात. कोरड्या महिन्यांत त्याच तळ्यात कशीबशी लहान होडी चालते. चढलेल्या पाण्याला त्याने दिलेलं माप मीटरमध्ये केलं तर वीसच्या पुढे जातं. पाहुण्याने थोडं जास्त सांगितलं. पण गोष्ट खरीच.

हे तळं म्हणजे तोनले साप, अंकोरच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर. माझ्या मते अंकोरमधला डोकं गरगरवणारा खरा आकडा दगडात नाही, तो इथे आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी तळं सुमारे 2,500 चौरस किलोमीटर असतं, आणि बहुतेक जागी माणूस उभा राहील एवढंच खोल. गोव्याहून लहान. ऑक्टोबरच्या सुमारास, पाऊस चांगला झाला असेल तर, तेच 15,000 चौरस किलोमीटरवर पसरतं. चार गोवे. खोली नऊ-दहा मीटरपर्यंत. याचं कारण असं : तळ्याला नॉम पेन्हजवळ मेकाँगशी जोडणारी, शंभराहून जास्त किलोमीटरची एक नदी आहे. एरवी ती तळ्याचं पाणी मेकाँगकडे नेते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिची पातळी तळ्याच्या वर जाते, आणि ही नदी उलटी वाहायला लागते. तळ्यातलं निम्म्याहून अधिक पाणी असं मेकाँगकडून येतं. पावसाळा सरला की पुन्हा दिशा बदलते. त्या वेळी, कार्तिकी पौर्णिमेला, कंबोडियात तीन दिवसांचा जलोत्सव असतो. एकेका होडीत सत्तर-ऐंशी वल्हेकरी बसवून शर्यती लागतात.

आता पुन्हा मोबाइल काढू. कोरड्या दिवसांत तळ्यात दीड घन किलोमीटरपर्यंत पाणी असतं. भरल्यावर साठच्या वर. भरायला चार महिने, म्हणजे 120 दिवस धरले तर सरासरी रोज जवळपास अर्धा घन किलोमीटर पाणी चढतं. 17 टीएमसी, रोज. कोयना धरण 105 टीएमसीचं. ते या हिशेबाने सहा दिवसांत भरेल. क्षेत्रफळाचं बघायचं तर तळं दर दिवशी सरासरी शंभर चौरस किलोमीटर जमीन गिळत जातं. आणि पश्चिम बाराय, एका साम्राज्याने माती वाहून उभा केलेला तो आठ किलोमीटरांचा तलाव? तळ्याच्या या वेगाने अडीच तासांचं पाणी.

हा भागाकार मी दोनदा केला.

पाणी चढतं ते रानात शिरतं. महिनोन्‌महिने पाण्याखाली राहायची सवय असलेली झाडं काठाने आहेत. त्यांच्या फांद्यांत मासे अंडी घालतात, पिलं तिथेच पोसतात. पाणी उतरायला लागलं की मासे नदीवाटे मेकाँगकडे निघतात. जानेवारीत पौर्णिमेच्या आधीच्या चार-सहा दिवसांत त्यांचा लोंढा सगळ्यांत मोठा, आणि जाळीवाले त्यावर टपून बसलेले. कंबोडियातल्या गोड्या पाण्याच्या मासळीपैकी निम्म्याहून अधिक या तळ्याची. शिलालेखातल्या त्या 79,365 माणसांच्या पानात तांदळासोबत काय पडत होतं, याचं उत्तर बायोन देवळाच्या भिंतीवर कोरलंच आहे : जाळं फेकणारे कोळी, मासे, होड्या, आणि शेजारच्या चाम राज्याच्या सैन्याशी चाललेल्या युद्धात पाण्यात पडलेल्यांची वाट पाहणाऱ्या मगरी.

पाण्यावरची गावं दोन तऱ्हेची. काही खरोखर तरंगती, बांबूच्या मोळ्यांवर आणि पिंपांवर बांधलेली. त्यांत शाळा असते, किराणा असतो, मोबाइल दुरुस्ती असते, डुकरांचे तरंगते पिंजरे आणि डब्यात लावलेली तुळशीसारखी रोपंही असतात. पाणी सरकेल तसं गाव सरकतं. मोटारहोडीला दोर बांधून घर ओढून नेतात आणि शेजारी तेच राहतात. दुसरी तऱ्हा खांबांवरची. कांपोंग फ्लुक तसलं गाव, घरं सहा मीटर आणि त्याहून उंच लाकडी खांबांवर. भर पाण्यात गेलात तर होडी घराच्या उंबऱ्याला लागते, आणि बायका लहान नावांतून प्रवाशांना झाडांच्या शेंड्यांमधून फिरवून आणतात. तेच फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर खांबांच्या पायथ्याशी धुळीचा रस्ता असतो, त्यावर कोळंबी वाळत घातलेली असते, मुलं खेळत असतात, आणि घर डोक्यावर तिमजली उंचीवर. शिडी मोजायला जाऊ नका, पाय थरथरतात. खांबांवर डाग आहेत, वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या वर्षांचे. त्या गावात पावसाची नोंद वेगळी ठेवायची गरज पडत नाही.

अलीकडे हे डाग खाली यायला लागलेत. 2019 आणि 2020मध्ये नदी उशिरा उलटली आणि पाणी कमी आलं. वर चीनमध्ये मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर धरणांची साखळी आहे, खाली वाळूचा उपसा आहे, पाऊसही पूर्वीसारखा भरवशाचा नाही. दोष कुणाला किती, यावर वाद चालू आहे. मासळी घटली यावर कुणाचा वाद नाही. अंकोरने हे एकदा भोगलं आहे. व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांच्या वर्तुळांवरून ब्रेंडन बकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010मध्ये दाखवलं, की चौदाव्या-पंधराव्या शतकांत इथे दशकानुदशकं दुष्काळ पडले आणि मधूनच अतिवृष्टीची वर्षं आली. कोरडे पडलेले कालवे एकदम आलेल्या पुराने फुटले. सयामच्या अयुत्थया राज्याच्या फौजा 1431मध्ये आल्या खऱ्या, पण तोवर व्यवस्थेचं पाणी तुटलेलं होतं.

तिकिटाबद्दल सांगायचं राहिलं. अंकोरचा पास 2017पासून एका दिवसाला 37 डॉलर, तीन दिवसांना 62. त्यातले दोन डॉलर कांथा बोफा या मुलांच्या रुग्णालयाला जातात. 102 दवाखाने चालवणाऱ्या राजाच्या गावी हे शोभतं. तळ्यावरच्या होडीचं तिकीट वेगळं. पाणी भरपूर असेल तर होडी सरळ गावात नेते. पाणी उतरलं असेल तर धक्काच पुढे सरकतो, अर्धी वाट मोटारसायकलच्या मागे बसून, धूळ खात जावी लागते. नंतर होडी आलीच, तर तीही चिखलात रुतते आणि नावाडी उतरून ढकलतो. दर तोच.